पाठ झाला का?

कोरेगाव, १९ जून २०२५

प्रिया,

जयभीम. तुझा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, पण एकदाच वाजतो आणि कट होतो. आबांच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून तू ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या मुलीकडे पाकीट मागितलं तर तिला ते शोधायला दोन कपाटं उघडावी लागली. पत्र कोण पाठवतं आता, म्हणाली. मी म्हटलं, ज्यांच्याशी कुणी बोलत नाही ते पाठवतात.

स्टँडवर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. जन्म दिला म्हणून कुणी आई होत नाही, असं माझ्या तोंडून गेलं आणि सृष्टीनं ते ऐकलं. पण तूसुद्धा चार लोकांत तिची बॅग माझ्या हातातून हिसकावून घेतलीस. जाऊ दे. तिचा बाप कुठे गेला ते त्यालाच ठाऊक, तू सांगलीच्या दवाखान्यात पाळ्या करत होस्टेलवर राहिलीस आणि पोर पाच वर्षं माझ्याकडे राहिली. आता तुला खोली मिळाली, तुझी पोर तू नेलीस. सख्ख्या बहिणींमध्ये याचा हिशेब कशाला.

लिहायचं कारण वेगळं आहे. तिची शाळा सुरू झाली असेल. पाचवीचं वर्ष, त्यात नवी शाळा. तिच्या अभ्यासाच्या काही सवयी आहेत, त्या तुला माहीत असाव्यात म्हणून सांगते. नवा पाठ असला की आधी तू एकदा मोठ्यानं वाच, सावकाश, बोट ठेवून. मग आणखी एकदा वाच. तिसऱ्या वेळेला ती वाचते. एकदम पुस्तक हातात देऊन वाच म्हणू नकोस, ती बुजते. प्रश्नांची उत्तरं कच्च्या वहीत तू लिहून दे, पक्क्या वहीत ती उतरवेल. अक्षर बघशील तर बघतच राहशील. आणि तिच्या बाईंना सांग की तिला उभं करून वाचायला लावू नका, सगळ्यांसमोर तिला लाज वाटते.

खालचं सृष्टीसाठी आहे. ते तूच वाचून दाखव. तिच्या हातात देऊ नकोस, माझं अक्षर गिचमिड असतं, तिला लागायचं नाही.

सृष्टे, आबा म्हणतात, पेपर वाचून दाखवायला कोण न्हाई, जगात काय चाललंय त्ये कळंना झालंय. शेळीला दोन करडं झाली. तुझी मावशी बरी आहे.

ताई


कोरेगाव, ६ ऑगस्ट २०२५

प्रिया,

माया फोन करते मला. तिच्यावर राग धरू नकोस. आपली मावसबहीण आहे, तुझ्याच गल्लीत राहते, तिच्या कानावर येतं ते ती सांगते. मीच खोदून विचारते.

तिनं सांगितलं की वर्गात बाईंनी सृष्टीला नवा पाठ वाचायला उभं केलं. ती पुस्तक धरून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात चौथीतला पाठ म्हणायला लागली. सगळा वर्ग हसला. बाईंना वाटलं, पोरगी चेष्टा करते. तुला शाळेत बोलावलं आणि घरी आल्यावर तू तिला पट्टीनं मारलंस. हातावर वळ होते, माया म्हणाली. नाटकं करतेस, आईला त्रास द्यायला मावशीनं शिकवलंय, असंही तू म्हणालीस म्हणे.

प्रिया, ती नाटक करत नाही. मारू नकोस तिला.

काही गोष्टी मी नीट सांगितल्या नव्हत्या. तिची पहिली कोरोनात गेली, हे तुला माहीतच आहे. सर मोबाइलवर पाठ वाचून पाठवायचे. आम्ही दोघी ओट्यावर बसून ऐकायचो आणि दोनदा ऐकलं की सृष्टीला तो तोंडपाठ व्हायचा. कुठे सर खोकले, तिथे तीसुद्धा खोकायची. मी पोट धरून हसायचे. अंगणवाडीत एवढी पोरं माझ्या हाताखालून गेली पण असली स्मरणशक्ती बघितली नव्हती. परीक्षा तोंडी, पास सगळेच. दुसरीत शाळा भरायला लागली तेव्हा सरांना वाटलं, हिला सगळं येतं. मलाही तसंच वाटत होतं.

तू संध्याकाळी ड्यूटीवर जाताना व्हिडिओ कॉल करायचीस आणि पहिला प्रश्न असायचा, पाठ झाला का? ती म्हणायची, झाला. मग तुला सगळा पाठ म्हणून दाखवायची, मध्येच पान उलटायची. तू धड्याचं विचारत होतीस, ती पाठांतराचं सांगत होती. शब्द एकच, कुणी खोटं बोललं नाही. मी मात्र कॅमेऱ्याच्या मागे उभी असायचे आणि मला दोन्ही कळत होतं.

तर थोडी मागे आहे ती वाचनात. एवढंच. तू जरा धीरानं घे.

ताई


कोरेगाव, २१ सप्टेंबर २०२५

प्रिया,

थोडी मागे आहे असं लिहिलं होतं. ते खरं नाही. सृष्टीला वाचता येत नाही. अजिबात येत नाही. स्वतःचं नाव ती ओळखते, ते लांबी बघून.

मला हे दुसरीच्या दिवाळीपासून माहीत आहे. त्या वेळी शेळीनं तिच्या पुस्तकाचं एक पान खाल्लं होतं. संध्याकाळी ती वाचायला बसली आणि नसलेलं पानसुद्धा वाचून गेली. मी हसले. मग हसता हसता पुस्तक जवळ ओढलं. बाजूच्या पानावरच्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. पुस्तकाकडे नाही, माझ्या तोंडाकडे.

शिकवायचा प्रयत्न मी केला. आठ दिवस. क काढ म्हटलं की सुरेख क काढायची. हा कोण, असं विचारलं की गप्प. काल गिरवलेला म आज तिला ओळख देत नव्हता. प आणि ष, घ आणि ध यांच्यात तर ती रडकुंडीला यायची. मी ओरडले, एकदा चापटही मारली. मग ती पोट दुखतं म्हणून जेवेना. नवव्या दिवशी वही माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मावशी, तू लिव्ह की. मी बघून काढते."

आणि मी लिहिलं. त्या दिवसापासून अडीच वर्षं तिचा घरचा अभ्यास मी केला. कच्च्या वहीत मी लिहायचे आणि ती पक्क्या वहीत चित्र काढल्यासारखी उतरवायची. तिच्या वह्यांवर सरांनी लाल शाईत छान छान लिहिलं आहे, ते सगळं माझं आहे. चेष्टा म्हणून लिहीत नाही. त्या शेऱ्यांनी मला खरंच बरं वाटायचं.

आबांना ती रोज पेपर वाचून दाखवायची. कोरेगावच्या बाजारात हरीण शिरलं, फलटणला एका म्हशीला तीन रेडकं झाली, असल्या बातम्या. परवा मी आबांना सगळं सांगितलं. म्हटलं, तिला वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, "मला ठावं हुतं की. पर छापल्यात त्येच्यापेक्षा बऱ्या बातम्या सांगायची." म्हणजे या घरात सगळ्यांना माहीत होतं. तुला सोडून.

याहून वाईट आहे ते आता लिहिते. तिसरीत असताना सरांना शंका आली. भला माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पोरगी हुशार आहे, पण अक्षरांशी तिचं काहीतरी बिनसलं आहे. तालुक्याच्या शिबिरात तपासणी आहे, अशा मुलांना शिकवायची वेगळी पद्धत असते, आत्ताच सुरुवात केली तर सुधारेल. मात्र रोज शिकवणारे खास शिक्षक इथे नाहीत, साताऱ्याला किंवा सांगलीला न्यावं लागेल. आई सांगलीत असते ना, मग तिला सांगा. असं म्हणून त्यांनी पालकांच्या संमतीचा कागद दिला.

तो कागद दोन दिवस मी फडताळात ठेवला. मला मूल नाही प्रिया, हे तुला माहीत आहे आणि त्यावरून मला सासरहून परत पाठवलं तेसुद्धा तुला माहीत आहे. शाळेतून येऊन ती दारातच चपला उडवायची आणि मावशी भूक, असं ओरडायची. कागदावर सही झाली असती तर ते बंद झालं असतं. शिवाय गावात काय म्हणाले असते? अंगणवाडीच्या बाईंच्या घरची पोर ढ. मी 'संमती नाही' यापुढे खूण केली आणि खाली तुझी सही केली. तुझा 'प्रि' मोठा असतो आणि शेवटच्या 'या'ला तू शेपूट काढतेस. हुबेहूब जमली. सर म्हणाले, आईच नको म्हणते तर मी काय करणार.

गेल्या जयंतीला विहारात तिनं संविधानाची प्रास्ताविका वाचली, कागद हातात धरून, एकदाही न अडखळता. सगळे उभे राहिले होते. तू तो व्हिडिओ आठवडाभर स्टेटसला ठेवला होतास. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि मला माहीत होतं. आपली आई अंगठा उठवायची. आबा फौजेत जाऊन सही शिकले. त्यांनी उपाशी राहून आपल्याला शिकवलं, आणि त्यांच्या नातीला मी परत अंगठ्यापाशी नेऊन ठेवलं. तेही वही भरून, शेरे मिळवून.

तू मारतेस ते तिला वाचायचं नाही असं समजून. पण तिला येतच नाही, म्हणून हे लिहिते आहे. तिला तपासून घे. सही माझी होती हे मी कुठेही येऊन सांगेन, लेखी देईन.

ताई


कोरेगाव, १० नोव्हेंबर २०२५

प्रिया,

मी येऊन गेले त्याला आता दहा दिवस झाले. तुझ्या दारात मला जे बोलता आलं नाही ते लिहावं म्हणून बसले आहे, आणि आता तेही आठवत नाही.

तू दार पूर्ण उघडलं नाहीस. तू ड्यूटीवर निघाली होतीस, पांढऱ्या कपड्यात होतीस आणि बारीक झाली आहेस. माझं पत्र तू वाचलं होतंस, ते बघताक्षणी कळलं. मी माफी मागायच्या आधी तूच बोललीस. तुझा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. "ताई, तुला पोर पायजे हुती. म्हणून तू तिला आंधळी ठेवलीस."

 

तपासून घेतलंस हे बरं केलंस. डॉक्टर म्हणाले ना की सातव्या वर्षी आणायला हवी होती. तू ते मला सांगत होतीस की स्वतःला, मला कळलं नाही. अजून काही होईल का, असं मी विचारलं तर तू म्हणालीस की शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येते, महिन्याभरात सहा अक्षरं झाली आणि त्यातली दोन परत गेली. एप्रिलमध्ये पाचवीची परीक्षा. नापास झाली तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर पुन्हा पाचवी. शेवटी तू म्हणालीस की तिला आता शाळेचं नाव काढलं की उलटी होते.

मी तिला एकदा बघू का म्हटलं. तू दार लोटलंस.

आतून तिच्या वाचण्याचा आवाज येत होता. मोठ्यानं वाचत होती, स्पष्ट, पूर्वीसारखी. मी जिन्यात बसून सगळं ऐकलं. चौथीचा पाठ होता. बाहेर मी आहे हे कळून ती मला ऐकवत होती, की तू रागावू नयेस म्हणून अभ्यास करत असल्याचं दाखवत होती, माहीत नाही. तू जिन्यातून खाली उतरताना माझ्याकडे बघितलं नाहीस. मी तिला हाक मारली नाही, एवढं तरी माझ्या बाजूनं धर.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, "तिला का आणली न्हाईस?" मी म्हटलं, शाळा आहे.

अंगणवाडीत आता माझं मन लागत नाही. पोरं गाणी म्हणतात, मी टाळ्या वाजवते, आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसते की यातलं खरंच कुणाला येतं. काल एका पोराला फळ्यावरचं चित्र सोडून खालचा शब्द कोणता म्हणून विचारलं. साडेतीन वर्षांचं पोर, रडायला लागलं. मदतनीस म्हणाली, बाई, काय झालंय तुम्हाला?

ताई


कोरेगाव, १७ जानेवारी २०२६

प्रिया,

सृष्टीचं पत्र काल आलं. पाकिटावर पत्ता तुझ्या हातचा होता, म्हणून वाटलं तू लिहिलंस. उघडलं तर तिचं अक्षर. आखीव कागद, वर उजवीकडे तारीख, डावीकडे प्रिय मावशी. पाचवीला पत्रलेखन असतं, नातेवाइकाला पत्र लिहा, असा प्रश्न येतो. घरच्या अभ्यासाचंच असणार. शेजारच्या सुनेला आणि आबांना हाका मारल्या आणि मोठ्यानं वाचायला लागले.

मी इथे मजेत आहे. माझा अभ्यास चांगला चालला आहे. इथपर्यंत वाचलं आणि आबांचे डोळे भरून आले. पुढचं मी मनात वाचलं. पत्र पाठवू नकोस. आम्हाला भेटायला येऊ नकोस. तुझी सृष्टी. आबांना सांगितलं की पुढे तुम्हाला नमस्कार लिहिलाय.

तिनं मला येऊ नको म्हणावं, इतकं तिला कळायला लागलं आणि लिहायलाही आलं, असं मला एक क्षणभर वाटलं. खरं सांगते, लागलं, पण आनंदच जास्त झाला. शिव्या लिहिल्या असत्या तरी चाललं असतं.

मग ती ओळ दिसली. 'चांगला चालला आहे' याच्यापुढे 'तू कधी ये' असं आहे आणि त्यावर काट मारली आहे. दोन आडव्या रेघा, दुसरी रेघ शेवटी थोडी वर गेलेली. आपण लिहिताना चुकलो तर काट मारतो. पण ही काट तिनं चुकली म्हणून मारलेली नाही. आधी तीन शब्द सुबक काढलेत, मग त्यावरच्या दोन्ही रेघा तितक्याच सुबक, हळूहळू, पट्टी न लावता सरळ आणण्याचा प्रयत्न करून. समोरच्या कागदावर होतं ते सगळं तिनं उतरवलं. शब्द कोणता आणि खोडलेलं कोणतं, हे तिला कळलंच नाही.

म्हणजे कच्च्या वहीत आता तू लिहून देतेस.

मला हे बघून कुठेतरी बरं वाटेल असं मला वाटलं होतं. आपली चूक दुसऱ्यानं केली की वाटतं ना. नाही वाटलं. ड्यूटीवरून येऊन, भाकरी टाकून तू बसली असशील, ती रडली असेल, वही तुझ्याकडे सरकवली असेल. मला माहीत आहे ते कसं होतं. आठ दिवसांच्या वर कुणाला जमत नाही. तुला माझ्यापेक्षा जास्त दिवस जमलं असेल.

त्या खोडलेल्या तीन शब्दांपाशी मी काल दिवसभर बसले. तू कधी ये. पुढे काय होतं प्रिया? तू कधी येशील, असं लिहायला निघाली होतीस का? की तू कधीच येऊ नकोस? दोन्ही सारखंच सुरू होतं. तू हात का थांबवलास ते या कागदावरून कळत नाही आणि सांगायची तुला गरज वाटणार नाही. मी विचारणारही नाही.

पत्राच्या खाली जागा उरली होती, तिथे तिनं मला काढलंय. ते मात्र तू सांगितलेलं नाही. पोस्टात टाकायच्या आधी घाईघाईत काढलेलं दिसतं. मी अंगणवाडीच्या दारात उभी आहे, हातात पळी आहे आणि माझे दात दिसताहेत. मावशीला पत्र लिहिलं म्हणून ती खूश होती, हे मला त्या दातांवरून कळलं. आपण खुशाली कळवली असंच तिला वाटत असणार.

आता मी लिहिणार नाही. येणारही नाही. तिनं स्वतःच्या हातानं लिहून पाठवलंय, ते मी मोडणार नाही, तिला ते काय आहे हे माहीत नसलं तरी.

एकच मागते. तिला वाचायला कधी आलंच, मला नाही वाटत आता येईल, पण आलंच, तर ती तुला विचारेल की तेव्हा मावशीला मी काय लिहिलं होतं. तेव्हा खरं सांगू नकोस. सांग की खुशाली लिहिली होतीस आणि ये म्हणाली होतीस, मावशीलाच यायला जमलं नाही. मी तुझ्यापुढे इतकं खोटं बोलले, माझ्यासाठी तू एवढं एक बोल.

ताई